चादरीखालची गुत्सी घ्यावी की रस्त्यावरची?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो. तुम्ही मोंझाला राहता, पुण्यात बारा वर्षं बुलेट चालवलीत आणि आता मोटो गुत्सी ८५० टी३ घ्यायची म्हणताय. दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली १९८० ची, ३८ हजार किलोमीटर, नवा रंग, नवं क्रोम, गेली नऊ वर्षं गॅरेजात चादरीखाली. दुसरी १९७८ ची, १ लाख १२ हजार किलोमीटर, टाकीचा रंग उडालेला, सीटला टाके. मालक निवृत्त गृहस्थ, दर रविवारी चालवतात. पहिलीची किंमत जवळपास दीडपट, आणि तुमचं मन तिच्यावरच बसलंय. विचारलंत एवढंच, की इतकी जुनी इटालियन गाडी रोज ऑफिसला न्यायला भरवशाची असते का.

माझं उत्तर: दुसरी घ्या. अट एकच, ती पुढे सिलिंडरबद्दल लिहिताना येईल. पण नुसतं "दुसरी घ्या" ऐकून कुणी चकचकीत गाडीवरून मन काढत नाही. मीही काढलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बेर्गामोच्या बाजूला १९ वर्षं राहतोय. पोटापाण्याला मशीन डिझाइनचं काम. २००९ साली टी३ घेतली, चादरीखालचीच, आणि पहिल्याच वर्षात किमतीच्या निम्मे पैसे तिच्यात पुन्हा घातले. त्यानंतर तिनं सत्तर हजार किलोमीटर काढलेत. आता ओळखीच्यांच्या पाच-सहा गाड्याही माझ्याच शेडमध्ये उघडतात. (जाता जाता: इथे 'गुत्सी' म्हणतात. 'गुझी' म्हटलंत तर सुटे भाग देणारा म्हातारा हसतो आणि मग तो तुमच्याशी जरा हळू बोलतो.)

'इटालियन गाडी म्हणजे कटकट' ही म्हण सगळ्या इटालियन गाड्यांना सरसकट लावू नका. जुन्या डुकाटीला ती बरीच लागू पडते. तिथे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बसवायला शिम, म्हणजे मोजून घ्यायच्या पातळ चकत्या, लागतात, पँटा या मॉडेलच्या काळापासून पुढच्या इंजिनांना टायमिंग बेल्ट आहेत आणि ते गाडी पळो न पळो, दर दोन वर्षांनी बदलायचे. गुत्सीचं तसं नाही. मांदेल्लो देल लारिओच्या कारखान्यात जूल्यो चेझारे कार्कानो यांनी घडवलेलं हे इंजिन १९६७ च्या व्ही७ या गाडीतून आलं. पुढे पोलिसांनी ते वर्षानुवर्षं राबवलं. पोलिसांची गाडी म्हणजे चालवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा आणि दोघांनाही गाडीबद्दल फारशी माया नाही. अशा वापरात टिकेल असंच ते आहे. दोन सिलिंडर ९० अंशांत दोन्ही बाजूंना बाहेर, थेट वाऱ्यात. मागे चेन नाही, शाफ्ट. १९७१ साली लीनो टोंटी यांनी व्ही७ स्पोर्टसाठी जी फ्रेम केली तिचाच वंश कॅलिफोर्निया या मॉडेलच्या रूपानं या शतकातही विकला जात होता. त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही.

मग त्रास कुठून येतो? बसून राहण्यातून.

नऊ वर्षं उभ्या गाडीत काय होतं ते सांगतो, कारण जाहिरातीच्या फोटोत यातलं काही दिसत नाही. डेल'ओर्तो कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रांत) वार्निशासारखा थर मागे राहतो. टाकी आतून गंजते. वरून नवा रंग दिलेला असला तरी आत टॉर्च मारून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ब्रेंबोच्या कॅलिपरचे पिस्टन आत चिकटतात. ऑइल सीलची ओठासारखी कड एकाच जागी वाळते. गाडी सुरू केली त्या दिवशी एक थेंब नसतो, पाचशे किलोमीटरनंतर मात्र क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल झिरपायला लागतं. गुत्सीचा क्लच कोरडा असतो, मोटारीसारखा. त्यावर तेल गेलं की क्लच सरकतो, आणि तिथवर पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणजे पाच-दहा युरोच्या सीलपायी दोन शनिवार-रविवार जातात. सील दर आठवड्याला फिरत राहिलं, तेलात भिजत राहिलं, तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

आता ती अट. तेव्हाच्या बऱ्याच गुत्सींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून क्रोमचा थर असायचा. पुढे निगुसिल नावाचा लेप आला आणि तो प्रश्न मिटला. क्रोम कठीण असतं, पण पोपडे धरतं. गाडी बंद करताना ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात नऊ वर्षं दमट हवा शिरत राहते. थराखाली गंजाचा शिरकाव झाला की पहिल्या हजार किलोमीटरमध्ये तुकडे सुटतात, तेलातून फिरतात आणि बेअरिंग खरवडतात. माझ्या पहिल्या वर्षाचे निम्मे पैसे यातच गेले. विक्रेत्यानं फसवलं असं म्हणणार नाही, त्यालाही माहीत नव्हतं. मी तेलाचा नमुना न बघता सौदा केला, ती माझी चूक.

म्हणून दोन्ही गाड्यांच्या मालकांना एकच प्रश्न विचारा: सिलिंडर कधी बदलले, बिल आहे का? १ लाख १२ हजारांच्या गाडीवर हे काम बहुधा होऊन गेलेलं असतं. निगुसिलचे सिलिंडर बसल्याचं बिल दिसलं तर ती गाडी निर्धास्त घ्या. बिल नसेल तर स्पार्क प्लग काढून आत बोरस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी, घाला (हल्ली फोनला जोडायचा स्वस्तात मिळतो). भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी. कुठे नकाशासारखे डाग किंवा कडा दिसल्या तर नवीन सिलिंडर-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मालक कबूल नसेल तर उठून या. चादरीखालची गाडी यात उत्तीर्ण झाली, तर माझं "दुसरी घ्या" जरा सैल होईल. पण बाकीचं सगळं, म्हणजे सील, रबर, ब्रेक, टायर, कार्बोरेटर, तुम्हाला करावंच लागेल. दीडपट किंमत त्याआधीची आहे हे लक्षात ठेवा.

वायरिंगबद्दल भीती घातली असेल तुम्हाला. इंजिनापेक्षा वायरिंग जास्त वेळा रस्त्यात थांबवतं हे खरं. पण त्यातले बहुतेक दोष अर्थिंगचे आणि जुन्या कनेक्टरचे असतात. एक रविवार काढून प्रत्येक जोड उघडा, घासा, पुन्हा बसवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला जिथे लागते तिथला रंग खरवडून काढा. एवढ्यानं निम्मी भुतं उतरतात.

एक गोष्ट मात्र अनुभवानं शिकलो. २०११ च्या सप्टेंबरात सान मार्को घाटातून वाल्तेल्लिना खोऱ्याकडून परत येत होतो. घाटमाथा जवळपास दोन हजार मीटरवर, अंधार पडलेला. हेडलाइट पिवळा होत गेला आणि उतारावर इंजिन मिसिंग करायला लागलं. बॅटरी संपली होती. मी समजलो अल्टरनेटर गेला. दुसऱ्या दिवशी तपासलं तर अल्टरनेटर ठणठणीत. गेला होता चार्जिंगचा लाल दिवा, डॅशबोर्डवरचा तो चिमुकला बल्ब. या गाडीच्या बॉश अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की रोटरला चुंबकत्व येत नाही, आणि चार्जिंग होत नाही हे सांगणारा दिवाही तोच, त्यामुळे तो गप्प! तेव्हापासून माझी सवय पडलीय: किल्ली फिरवली की लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. सीटखाली दोन बल्ब कायम असतात.

नेहमीची देखभाल हा तुमच्यासाठी आनंदाचा भाग आहे. जुन्या बुलेटला टॅपेट सेट करताना पुशरॉड बोटांनी फिरवून बघायचो आपण. हलकी फिरली पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. इथे बोटांऐवजी फीलर गेज लागतो, बाकी मामला त्याहून सोपा, कारण दोन्ही हेड हातासमोर आहेत. टाकी काढायची नाही, काही वाकवायचं नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागावर एक रबरी बूच असतं, ते काढलं की फ्लायव्हीलवर खुणा दिसतात: डी म्हणजे देस्त्रो, उजवा सिलिंडर, एस म्हणजे सिनिस्त्रो, डावा. ती खूण समोर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे आहेत ना ते रॉकर हलवून बघायचं, कारण तीच खूण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही येते. मग दोन्ही व्हॉल्व्हना ०.२२ मिलिमीटरची फट. पहिल्यांदा दोन तास लागतील, नंतर चाळीस मिनिटं. दर पाच हजार किलोमीटरला मी हे करतो, त्याच दिवशी तेलही. इंजिनात तीन लिटर, गिअरबॉक्समध्ये पाऊण, मागच्या चाकाच्या क्राउन-पिनियनमध्ये पाव. आकडे तोंडपाठ व्हायला वेळ लागत नाही.

तेलाचा फिल्टर मात्र त्रासदायक जागी आहे, इंजिनच्या पोटात, सम्पच्या (तेलाच्या तव्याच्या) आत. डझनाहून जास्त बोल्ट काढून पूर्ण तवा खाली घ्यावा लागतो, गॅस्केट दर वेळी नवी. म्हणून लोक तो बदलायचा टाळतात, आणि मागच्या मालकानं टाळला होता का हे तिथेच कळतं. नवा फिल्टर बसवताना त्याच्याभोवती एक होज क्लिप आवळा आणि तिचा स्क्रू अशा जागी ठेवा की फिल्टर फिरायला गेला तर तो अडकेल. फिल्टर आतल्या आत सैल होऊन ऑइल प्रेशर गेलेलं इंजिन मी उघडलंय. ते बघितल्यापासून क्लिप विसरलो नाही.

आणखी एक. सिलिंडरच्या मागे ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, रबरी पाइप असतो. तो कडक होऊन चिरतो आणि तेलाचा धूर गाडीभर बसतो. मग माणसाला वाटतं हेडचं पॅकिंग गेलं, आणि तो इंजिन खोलायला काढतो. आधी पाइप बघा.

चालवताना पहिले पंधरा दिवस चमत्कारिक वाटतील. उभ्या गाडीवर थ्रॉटल पिळलात तर गाडी उजवीकडे कलते. क्रँक लांबीच्या दिशेनं बसवलाय, त्याचा तो धक्का. आमच्या घरी चेतक होती, ती इंजिनच्या बाजूला कायम झुकल्यासारखी वाटायची, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. (ती चेतकही मुळात इटालियनच, वेस्पाच्या वंशातली. गंमत म्हणजे २००४ पासून गुत्सी पियाज्जोच्याच मालकीची आहे, आणि त्याच पियाज्जोचा कारखाना आपल्या बारामतीत आहे.) चालत्या गाडीत हा धक्का जाणवेनासा होतो.

गिअर सावकाश बदला. फ्लायव्हील जड आहे. घाई केलीत तर खडाक् असा आवाज येतो आणि शाफ्टला हिसका बसतो. पायानं आधीच हलका दाब देऊन ठेवायचा, क्लच दाबायचा, एक श्वास जाऊ द्यायचा.

ब्रेकचं नीट समजून घ्या, कारण इथे बुलेटची सवय घात करेल. टी३ मधला तीनचा आकडा तीन डिस्कचा. पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकदम लागतात. हाताच्या लिव्हरला फक्त पुढची उजवी. म्हणजे मुख्य ब्रेक पायात आहे! हातानं जोर लावून गाडी थांबत नाही म्हणून ब्रेक खराब आहेत असं नवखा माणूस ठरवतो. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव करा, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. पायाच्या ब्रेकमधून हवा काढणं हेही वेगळं प्रकरण आहे. पुढे जाणारी नळी उंच चढते आणि हवा वरच्या जोडाशी अडकून बसते. कॅलिपर सोडवून उंच धरावा लागतो, धीर धरावा लागतो. रबरी होज मूळचे असतील तर विचार न करता बदला. चाळीस वर्षांचं रबर दाबाखाली फुगतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. रोज ऑफिसला नेणार म्हणता. मोंझाहून मिलानच्या आत जाणार असाल तर दोन अडचणी. एक, जुन्या गाड्यांना शहरात येण्यावर निर्बंध आहेत आणि ते बदलत राहतात. सही करण्याआधी आपल्या रस्त्याचे आणि वेळेचे नियम महापालिकेच्या संकेतस्थळावर बघा. दोन, हवेवर थंड होणारं इंजिन आणि कोरडा क्लच यांना सिग्नलमागून सिग्नल आवडत नाहीत. उन्हाळ्यात तासभर सरकत जायचं असेल तर रोजच्यासाठी एखादी साधी स्कूटर ठेवा आणि ही आठवड्यातून दोन-तीनदा काढा. रस्ता मोकळा असेल, ऑफिस मोंझाच्या उत्तरेला, ब्रियांझाच्या बाजूला असेल, तर खुशाल रोज न्या. तिला ते मानवेल, उभं राहण्यापेक्षा नक्कीच.

दुसरी गोष्ट जागेची. इमारतीच्या तळघरात एक बॉक्स (बंद गॅरेज) आणि एक दिव्याचा पॉइंट असेल तर वर्षाचं बहुतेक काम तुम्हीच कराल. रस्त्यावरच लावणार असाल आणि प्रत्येक टॅपेटला मेस्त्री गाठणार असाल तर हा शौक महागात पडेल. या इंजिनांवर हात बसलेली माणसं म्हातारी होत चाललीत आणि त्यांच्याकडे रांग असते.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. लिब्रेत्तोवरचा (गाडीच्या नोंदणीपुस्तकावरचा) चासी नंबर फ्रेमवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. रेविझिओने, म्हणजे सक्तीची तपासणी, दर दोन वर्षांनी, चालू असेल तर उत्तम. तीस वर्षांवरच्या गाडीला नेहमीचा बोल्लो (वार्षिक वाहन कर) नाही, रस्त्यावर काढली तर थोडं ठरावीक शुल्क पडतं. ऐतिहासिक गाडी म्हणून नोंद असेल तर विमा बराच स्वस्त मिळतो. परत जाताना गाडी भारतात नेता येईलच असं मात्र धरून चालू नका. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी सहसा आयात करू देत नाहीत, आणि विंटेजच्या सवलतीत ही बसते का ते त्या वेळच्या नियमांत बघावं लागेल.

तर शनिवारी त्या निवृत्त गृहस्थांकडे जा. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की आधी सिलिंडरवर तळहात ठेवा. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा आणि ती निवेपर्यंत थांबा. टायरच्या बाजूचा चार आकडी क्रमांक वाचा, १८१४ म्हणजे २०१४ सालचा अठरावा आठवडा. किल्ली फिरवून लाल दिवा बघा. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर क्षणभर आला तर चालेल, येत राहिला तर सिलिंडरचा प्रश्न पुन्हा विचारा. ते म्हणाले तर मागे बसून एक फेरी मारा. मालक गिअर कसा बदलतो ते कानांनी ऐका, त्यावरून गिअरबॉक्सचं आयुष्य कळतं.

आणि सौदा झाला की लाजू नका, त्यांच्या गॅरेजातला जुन्या जेट, वायरी, बल्ब, उरलेल्या गॅस्केटचा खण मागून घ्या. पंचवीस-तीस वर्षं एकच गाडी ठेवणाऱ्या माणसाकडे तो असतोच. बहुतेक जण देतात, आणि देताना कोणती वस्तू कशासाठी जपली होती हेही सांगतात. ते लिहून घ्या.